घरी येऊन पिते

म्हातारी रस्त्याच्या डाव्या हाताला बसली होती की उजव्या, हे व्यंकटरावांना आता खात्रीनं सांगता येत नव्हतं. जन्मभर वर्गात मोजमाप शिकवलेला माणूस, पण स्वतःच्या आठवणीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यातून ही तर ऐकलेली आठवण.

गच्चीवर अंधार होता. नातू केयूर त्याच संध्याकाळी सायकलीवर गोव्याहून परतला होता.

"आजोबा, हा आता दिवाळीपर्यंत दुसरं काही बोलणार नाही," त्याची बहीण मनस्विनी म्हणाली.

व्यंकटराव हसले नाहीत. "केयूर, वाटेत कुणाला पाणी नाही म्हणालास का रे?"

"नाही. का?"

"मग ऐक. तारीख मात्र पक्की आहे. एकवीस मे दोन हजार सोळा, बुद्धपौर्णिमा."

समोरच्या घरातला बद्रीनाथ त्या दिवशी असाच सायकलीवर द्वारकेहून परतला. शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, धडधाकट माणूस. पडेगावात तेव्हा नव्या कॉलन्या भराभर उठत होत्या. नळ आले नव्हते. टँकर आठ दिवसांनी. त्याची बायको वच्छलाबाई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. लांबून आलेल्यावरून ओवाळून टाकलं, की मागं लागलेलं उंबऱ्याबाहेरच राहतं.

"पाणी कशाला सांडतीस? राहू दे," म्हणत बद्रीनाथ सायकलीसकट आत शिरला.

सायकलीच्या मीटरवर एक हजार नऊशे बारा किलोमीटर. त्यानं कौतुकानं दाखवलं, व्यंकटरावांनी सवयीनं डायरीत टिपलं.

पुढचं वच्छलाबाईंनी सांगितलेलं.

रात्री बद्रीनाथ वही घेऊन प्रवास आठवत बसला. ढाब्यावर, शाळेत, देवळात, सबंध वाटेवर लोकांनी त्याला पाणी पाजलं होतं. लिहिता लिहिता हात थांबला. त्याच संध्याकाळी, दौलताबादच्या अलीकडं, कोरड्या विहिरीच्या कठड्यावर एक म्हातारी बसली होती.

"बाबा, घोटभर पाणी दे."

बाटली भरलेली होती. पण घराची ओढ… तो थांबला नाही. "संपलं," म्हणाला. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं. पाणी डुचमळलं. तिनं ऐकलं.

"बरं. घरी येऊन पिते."

दोन वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरात आवाज. घट… घट…

वच्छलाबाई जाग्या झाल्या. "मांजर हाय का वो?"

बद्रीनाथनं सगळं सांगून टाकलं. आवाज थांबत नव्हता. त्यानं दिवा लावला. कुणी नव्हतं. दोनशे लिटरचा ड्रम, रात्री भरलेला. तळ कोरडा.

आणि तरीही… घट… घट…

"बाटलीत हाय तेवढं तिला देऊन येतो. नायतर ही जायाची नाय. कडी लाव. मी हाक मारल्याबिगर उघडू नको."

सायकल गेली. कडी लागली. आवाज थांबला.

तीन वाजले. चार.

हाक नाही.

पहाटे वच्छलाबाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कडी तशीच होती, आतून लावलेली. सायकल बैठकीत उभी होती.

बद्रीनाथ नव्हता. पुढंही कधी सापडला नाही.

त्या सकाळी व्यंकटरावांनी स्वतः मीटर वाचला होता. एक हजार नऊशे सव्वीस.

"बिघडला असेल," केयूर हळूच म्हणाला.

"मीही तेच म्हणत आलो."

चार वर्षांनी त्यांनी धीर करून अंतर मोजलं. बद्रीनाथच्या दारापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत बरोबर सात किलोमीटर भरले. जायचे सात.

यायचेही सात.