तिसरा गडी

राळेगावच्या बाजारातून उकंडा एक माऊस घेऊन आला. दुकानदारानं विचारलं, "आबाजी, नातीसाठी का?"

"नाई बावा, माह्यासाठी."

दुकानदार हसला. उकंडाही हसला आणि पिशवी छातीशी धरून एसटीत बसला. मे महिन्याचं ऊन नुसतं पांढरं झालं होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेली वावरं भेगाळून पडली होती. महिनाभर कुठं पावसाचा थेंब पडला नव्हता.

घरी त्याची नात होती, दीपा. एकोणीस वर्षांची, हुशार. पंधरा दिवसांवर तिची नर्सिंगची परीक्षा आली होती आणि पोरगी पुस्तक उघडत नव्हती. बारा वाजले की कम्प्युटरसमोर बसायची ते पार दिवस कलेपर्यंत. खेळ जुना होता. दगडी दालनं, लोखंडी जिने, आणि इंटरनेटवरून येणारे गडी एकमेकांना गोळ्या घालत पळायचे. आता तिथं कोणी येत नाही, असं तीच सांगायची. तरी ती कोणाच्या तरी मागं फिरत असायची. भाकर ताटात वाळून जायची. गालाची हाडं वर आली होती.

तिची आई सत्यशीला सकाळीच कामाला जायची. दुपारी घरात आजा आणि नात, एवढेच. एकदा उकंडानं घाबरून वायर उपसली. पडदा काळा झाला. दीपा हलली नाही. काळ्या पडद्याकडं पाहत तिची बोटं चालतच राहिली, आणि टेबलाखाली तिचे अनवाणी पाय... एकापुढं एक... एकापुढं एक. तासभर.

तेव्हा त्याला देवराव आठवला.

घरात भूतखेत मानायची रीत नव्हती. त्याच्या बापानं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले त्या दिवसापासून नव्हती. म्हणून छप्पन वर्षं उकंडा हे कोणाजवळ बोलला नाही. श्रावणातली रात्र होती, चिखल होता. तो आणि मोठा भाऊ देवराव वावरातून घरी येत होते. एकच पळस तीनदा आडवा आला. उकंडा समजला, हा चकवा. मायनं सांगितलं होतं, अशा वेळी जागीच बसायचं, वहाणा उलट्या पायात घालायच्या. तो बसला. देवराव हसला. "तो पाह्य, माणूस चालून राह्यला समोर. त्याच्या मांगं जाऊ." उकंडाला कोणीच दिसत नव्हतं. देवराव निघाला. त्याच्या डाव्या वहाणेचा अंगठा तुटला होता. चट्... घर्र. चट्... घर्र. रात्रभर तो फेरे घालत राहिला आणि दर फेऱ्याला जवळून जाताना म्हणत राहिला, "उकंड्या, चाल ना." उकंडानं डोळे मिटून घेतले. ओ दिली नाही. उजाडलं तेव्हा पळसाभोवती पायांनी केलेली गोल वाट होती, आणि वाटेवर देवराव पडला होता. लोक म्हणाले, ताप डोक्यात गेला.

सकाळी दीपा थोडी शुद्धीवर असायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी उकंडानं नवा माऊस तिच्यापुढं ठेवला.

"मले शिकवशीन?"

कित्येक दिवसांनी पोरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुम्ही खेळता? अरे बाप्पा! आता तं दुश्मनाची खैर नाई." तिनं मावसभावाचा जुना लॅपटॉप काढला, शेजारी लावला, त्याच्या कानाला हेडफोन अडकवले. "हे बटन पुढं, हे मांगं. माऊसनं मान फिरवायची. हे दाबलं का खाली बसते. आन् हे दाबलं का गोळी."

"गोळी राहू दे. चालणं शिकव."

"आबाजी, हा चालायचा खेळ नोहे, मारायचा हाय!"

"अन् मले कोणी मारलं तं?"

"मरायचं. लगेच दुसऱ्या दाराशी उभं राह्यचं. इथं कोणी मेलेलं राहत नाई."

उकंडाचा हात थांबला. पहिल्यांदा तो भिंतीला डोकं लावूनच चालत राहिला, मग लाव्हात पडला, मग पुन्हा पडला. दीपा पोट धरून हसली. तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं, "तू कोणाच्या मांगं जातं, माय?"

"बॉट असन. कम्प्युटरचाच गडी. त्याले नाव नाई."  मग खाली पाहत म्हणाली, "पण बॉट तं मी बंद करून ठेवले हायेत."

बारा वाजले. कूलरमधलं गवत वाळलेलं होतं, त्याचा करपट वास खोलीत भरला. दीपाची नजर पडद्यावर खिळली. उकंडा आत गेला, दालनाच्या मधोमध आला आणि बटन दाबून खाली बसला. कानात आधी तिच्या पावलांचा आवाज आला, लोखंडी बुटांचा खणखणाट. आणि तिच्या पुढं...

चट्... घर्र. चट्... घर्र.

खांबाआडून एक गडी गेला. त्याच्या मागं दीपा. एक फेरा. दुसरा. तिसरा.

"दीपा, थांब. बस माह्याजवळ."

"तुम्हीच उठा ना, आबाजी." शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, पण तो तिच्यासारखा नव्हता. "चाला ना..."

 एकदा बसून राहून तो वाचला होता. आता बसलो तर पोरगी जाईल. त्यानं बटन सोडून आपला गडी उठवला. मग तो मोठ्यानं बोलला, "देवराव दादा... मी येतो. तुले ओ दिली नाई मी. पोरीले सोड."

पुढचा गडी थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. उकंडानं पुढचं बटन दाबलं आणि दीपाला ओलांडून त्याच्या मागं झाला.

शेजारी दीपाचे हात माऊसवरून मांडीवर पडले. तिनं डोळे चोळले. "आबाजी... भूक लागली. काही हाय का?"

तीन भाकरी खाल्ल्या तिनं, मिरचीच्या ठेच्यासोबत. संध्याकाळी खेळ काढून टाकला, पुस्तक उघडलं. सत्यशीला रडली, मग पोरीवर ओरडली, मग पुन्हा रडली.

उकंडा अंगणात बाजेवर झोपायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं पाहिलं. बाजेभोवती धुळीत गोल वाट पडली होती. दोघांची पावलं. पुढं ओढत्या डाव्या पायाची. मागं त्याची स्वतःची. त्याच्या वहाणांना ओला काळा चिखल होता. त्यानं वाट पायानं पुसली, वहाणा धुतल्या. त्या दिवसापासून तो वहाणा घालूनच झोपू लागला. निदान भावाला सोबत होते, असं त्याच्या मनात यायचं, आणि झोप चांगली लागायची. रोज पहाटे तो वाकून पावलं पाहायचा. दोघांचीच. मधली जागा रिकामी.

परीक्षेच्या दिवशी तो उशिरा जागा झाला. सत्यशीला डबा भरत होती. वाट पुसायला तो उठला आणि वाकला तसाच राहिला. दोघांच्या मधोमध तिसरी पावलं होती. लहान. अनवाणी.

पायरीवर दीपा पाय धूत बसली होती. तांब्यातलं पाणी तिच्या टाचेवरून काळं होऊन उतरत होतं.

"आबाजी," ती वर न पाहता म्हणाली, "राती तुम्ही मले हाक मारली का?"

"नाई माय..."

"मंग कोणी मारली?"