चार ते पाच

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी देवपुरातली वीज गेली आणि लताबाईंना मनापासून आनंद झाला.

कारण भिंतीवर होतं. आई एकटी राहते म्हणून पुण्याच्या मुलानं, नवीननं, स्वयंपाकघरात देवांच्या फोटोंच्याही वर कॅमेरा बसवला होता. त्यातून तो दिवसभर बोले. "आई, गोळी घेतलीस?" "आई, स्टुलावर चढू नकोस." आणि कालच, "मांड्यांच्या भानगडीत पडू नकोस हं. धुरानं खोकला होतो. मी पोळ्या मागवतो."

मांड्यांशिवाय आखाजी! चोपड्याच्या माहेरी असं कुणी म्हटलं असतं, तर आईनं त्याला आमरसही दिला नसता.

कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका विझला, तशी लताबाईंनी लगबगीनं मागच्या अंगणात चूल पेटवली, त्यावर खापर पालथं घातलं. मोबाइल आत फळीवर राहिला... राहिला की ठेवला, देव जाणे.

मांडा म्हणजे दोन्ही हातांचं काम. पुरणाचा उंडा झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा. नजर हलली, की फाटला. असा झिरझिरीत मांडा हातावर उतरला होता, आणि मागचं फाटक धाडकन उघडलं.

"अक्का! बठ्ठं बरं शे ना?"

मांडा फाटला.

फाटकात गिरधरनाना उभे. मागच्या गल्लीतले, निवृत्त वायरमन. पत्नी जाऊन आठ वर्षं झालेली. येता-जाता नमस्कार, एवढीच ओळख; अडीनडीला म्हणून नवीननं त्यांचा नंबर घेऊन ठेवलेला. आता मात्र धापा टाकत होते... एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"नवीनचा फोन आला. कॅमेरा बंद, तुम्ही फोन उचलत नाही, जाऊन बघा म्हणाला. पळतच आलो."

"जिवंत आहे मी," लताबाई म्हणाल्या. "मांडा मात्र गेला. तुमच्यामुळे."

"मग फाटलेला मीच खातो. शिक्षा म्हणून."

"अशी शिक्षा मिळाली तर अख्खी गल्ली माझं फाटक मोडेल!"

नाना हसले आणि चुलीपाशी बसून फुंकणीनं जाळ सारखा करू लागले. गावी पहूरला आईच्या चुलीपाशी हेच काम त्यांच्याकडे असे, म्हणे. पुढचा मांडा लताबाईंच्या हातावर पसरू लागला, तसे ते फुंकायचंच विसरले.

"या वयात... हात जरासुद्धा थरथरत नाही तुमचा!"

"असं बघत बसलात तर थरथरेल," त्या म्हणाल्या. मग स्वतःच लाजून खापराकडे वळल्या. जाळाची धग होती, गालांना दुसरं काय होणार!

किती दिवसांनी त्यांच्याशी कुणीतरी माहेरच्या बोलीत, 'शे' म्हणून बोललं होतं. मांडे झाले, आमरसाच्या वाट्या रिकाम्या झाल्या, गोष्टी काही संपेनात. तेवढ्यात वीज आली आणि आतून आवाज आला,

"आई, ते काका अजून बसलेत का?"

नाना चटकन उठले. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच राहिला.

चार दिवस ते फिरकले नाहीत. नमस्कारसुद्धा लांबून. लताबाई चहा करत, एक कप पीत, आणि वरचा हिरवा ठिपका त्यांना पिताना बघे.

पाचव्या दिवशी चार वाजता त्यांनी कॅमेऱ्याचा प्लग काढला. सहासष्टाव्या वर्षी छाती अशी धडधडली, जशी पोरवयात कैऱ्या चोरताना. फळीवर मोबाइल वाजत राहिला. त्यांनी वाजू दिला.

सात मिनिटांत फाटक वाजलं.

"नवीनचा फोन आला," नाना म्हणाले. आज दोन्ही पायांत चपला होत्या. केस पाणी लावून विंचरलेले.

त्यांनी ओट्यावर पडलेल्या प्लगकडे पाहिलं. मग लताबाईंकडे. लताबाईंनी चहाकडे.

"प्लग ढिला आहे, लताबाई." 'अक्का' वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. "रोज बघावा लागेल."

"मग बघा की. मी कुठे नको म्हणते?"

त्यांच्या काळी दोन शब्द पोचवायला मैत्रिणीची मनधरणी करावी लागे. इथे पोटचा मुलगाच रोज चार वाजता पुण्याहून निरोप धाडत होता. बिचाऱ्याला पत्ता नव्हता!

महिना असा गेला. मग एका दुपारी मोबाइल इतका वेळ वाजला, की लताबाईंना उचलावाच लागला. नाना समोरच बसले होते.

"आई, तिथली वायरच खराब दिसते. रविवारी माणूस येईल, बॅटरीवाला कॅमेरा बसवेल. मग तो कधीच बंद पडणार नाही."

नानांनी कप खाली ठेवला. "बरं झालं. त्याची काळजी मिटेल," ते हळूच म्हणाले आणि चपला घालू लागले. एक चप्पल घालायला किती वेळ लागावा...

"थांबा," लताबाई म्हणाल्या. मग फोनवर, "नवीन, वायर चांगली आहे. प्लग मीच काढते."

"तू? का गं?"

"मी एकटी असते म्हणून कॅमेरा लावलास ना? चार ते पाच मी एकटी नसते."

नानांची चप्पल अर्ध्या पायातच राहिली.

"आणि बाळा, त्यांना तूच पाठवलंस. तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

फोनमधून नवीनचं बारीकसं हसू आलं.

"म्हणजे महिनाभर मी... आणि काका रोज सांगायचे, प्लग ढिला! आहेत का तिथे?"

"आहेत."

"त्यांना म्हणावं, उद्यापासून मी फोन करणार नाही. आपणहून यायचं."

दुसऱ्या दिवशी लताबाईंनी दोन कपांचं आधण ठेवलं आणि चार वाजता प्लग काढला.

कुणाचाही फोन कुणाला गेला नाही.

फाटक वाजलं.