पुढचा डावा पाय

पुढचा डावा खूर उचलला आणि नाल डॉक्टरबाईंच्या बोटांखाली हलली.

याच तांबड्या घोडीवर बसून त्यांची लेक आज पहिल्यांदा उंच अडथळे पार करणार होती. भरधाव घोडीची नाल निसटली तर काय होतं, हे जनावरांच्या डॉक्टरला कुणी सांगायला नको.

खरं तर सकाळपासून लेकीनेच पिच्छा पुरवला होता. "आई, खूर तपासशील ना? विसरू नकोस हं." बाई कसल्या विसरतात! त्या झोपेतही घोडा तपासतील आणि तोही पुढच्या डाव्या पायापासूनच, अशी तबेल्यात थट्टा चालायची.

लेक दाराशी उभी होती. एवढ्या उकाड्यात हातमोजे चढवून तयार, पण चेहरा पांढराफटक.

"आज घोडी बाहेर काढायची नाही," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

घोडेस्वारी शिकवणारे मास्तर धावत आले. खूर पाहताच त्यांनी म्हाताऱ्या नालबंदाला बोलावून फैलावर घेतलं. "परवा नाल ठोकलीत आणि आज ही तऱ्हा? पोरीचा जीव गेला असता. उद्यापासून येऊ नका."

नालबंदाने खूर गुडघ्यांत धरला. मग मान हलवली.

"बाई, खिळ्याचं टोक खुरातून बाहेर आलं की मी ते वळवून दाबतो. त्याच्यावरच नाल टिकते. इथे कुणीतरी टोकं कानशीने घासून टाकलीत आणि पक्कड घालून नाल उचकटलीय."

"किती वेळ लागतो याला?"

"मला? चुटकीसरशी होईल. पण हे ओरखडे बघा, कानस सतरांदा घसरलीय. हात नवखा आहे. तळवे सोलवटले असणार त्याचे."

बाईंनी मोतद्दाराकडे मोर्चा वळवला. घोड्यांची सगळी निगा त्याच्याकडे होती.

"काल तबेला सोडून कुठे गेला होतात?"

"तिन्हीसांजेला वैरण आणायला. तेवढंच."

"हत्यारं कुठे होती?"

"ती काय, भिंतीवर. कायम तिथेच असतात."

"घोडी ओरडली?"

"तेच तर कळत नाही, बाई. परक्याने पाय धरला की तबेला डोक्यावर घेते ही. काल हूं नाही की चूं नाही."

म्हणजे माणूस घरातलाच. बाईंना दरदरून घाम फुटला. त्यांनी मोतद्दाराचे हात पाहिले, मास्तरांचेही पाहिले. घट्टे होते, ओरखडा नव्हता. माझ्या पोरीच्या जिवावर कोण उठलंय? त्यांनी पुन्हा तो खूर उचलला आणि नाल बोटाने हलवून पाहिली.

"नालबंदकाकांचा यात काही दोष नाही," त्या अखेर म्हणाल्या. "आणि कुणाला पाडायचंही नव्हतं."

"म्हणजे?" मास्तर बुचकळ्यात पडले.

"पाडायचं असतं तर नाल जेमतेम ढिली केली असती, कुणाला पत्ता लागू दिला नसता. ही हात लावताच हलली. शिवाय पाय कोणता? मी सगळ्यात आधी उचलते तोच. हे करणाऱ्याला नाल निसटायला नको होती, मला सापडायला हवी होती. घोडी ज्याला निमूट पाय देते, ज्याचा हात नवखा आहे आणि मी तपासणारच याची ज्याने सकाळपासून खातरजमा केली, असं माणूस एकच."

त्या दाराकडे वळल्या. "बाळा, हातमोजे काढ."

लेकीने मोजे काढले. दोन्ही तळवे लालभडक सोलवटले होते.

"मला त्या अडथळ्यांची भीती वाटते, आई. रात्र रात्र झोप येत नाही." तिचे ओठ थरथरत होते. "काका, तुमच्यावर आळ येईल असं मला वाटलंच नव्हतं."

"अगं, मग मला सांगायचं होतंस."

"तू म्हणतेस ना, आपल्या घरात कुणी घाबरत नाही."

बाईंनी लेकीचा सोललेला हात आपल्या हातात घेतला. मघापासून त्यांचा हात कापत होता, तो अजून थांबला नव्हता. लेकीला ते कळलं. तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

"घाबरतात," बाई म्हणाल्या. "चल, आधी मलम लावू."