सतरावी पट्टी

"आलं! पुन्हा आलं!" टिकटिकने मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवत कुजबुजून सांगितलं. "पाच वाजून तेवीस मिनिटं!"

झर्रर्र!

सभागृहातल्या तीनशे माना एकदम पियानोकडे वळल्या. वाजवणाऱ्या बाईंच्या कपाळावर आठी उमटली, पण त्यांची बोटं थांबली नाहीत. थोड्या वेळाने डाव्या हाताची तीच पट्टी दाबली गेली आणि पुन्हा झर्रर्र! जणू बाटलीत कोंडलेली माशी.

दाराशी कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून मुंगी उभी होती. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

मुंगी म्हणजे बारा वर्षांची, चणीने बारीक, पण सगळीकडे नाक खुपसणारी. ती आणि तिचा दादा सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी सभागृहाच्या तिकीटखिडकीवर बसायची. सुट्टीभर दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिथे शास्त्रीय संगीताची मैफल असे. असे आठ शनिवार. पत्रिका वाटायच्या आणि फुकट ऐकायचं, असा करार. शेजारची टिकटिक आणि तिचा बडबड्या भाऊ पोपट हेही त्यात सामील झाले होते. मावशीने अट एकच घातली होती, "पियानोच्या झाकणाला हात लावायचा नाही!"

आणि पहिल्याच शनिवारी, मैफल संपून लोक पांगल्यावर, मुंगीने ते झाकण उचललं होतं. आत तारा तरी किती असतात, एवढंच बघायचं होतं तिला. वाकली, आणि कानामागे खोचलेली लाल पेन्सिल सुळ्ळकन तारांमध्ये गेली! तेवढ्यात कोणाची तरी पावलं वाजली. झाकण लावून ती पळाली ती थेट मावशीच्या खिडकीपाशी.

पुढच्या शनिवारी झर्र सुरू झाली. आज चौथा शनिवार.

मैफल संपताच व्यवस्थापक साहेब तरातरा मंचावर आले. त्यांनी बाहेरून बोलावून घेतलेले सूरकाका समोर उभे होते. दर शनिवारी दुपारी येऊन पियानो सुरात लावणारे, हातात जुनी कातडी पिशवी, डोळ्यांवर दोरीने अडकवलेला चष्मा.

"सव्वीस वर्षं पियानो लावताय म्हणता, आणि एक पट्टी धड होत नाही तुमच्याच्याने?"

"साहेब, सतरावी पट्टी ती. दुपारी अगदी स्वच्छ वाजते. मी दहादा वाजवून बघितली."

"म्हणजे तीनशे लोकांचे कान खराब?" साहेबांचा आवाज चढला. "पुढच्या शनिवारी आवाज आला, तर मी दुसरा माणूस बोलावणार. कायमचा!"

सूरकाकांनी पिशवी उचलली. तिचा बंद लावताना त्यांची बोटं दोनदा चुकली. मुंगीने ते बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या गच्चीवर चौघांची बैठक बसली.

"सूरकाकांना आपण वाचवायचं!" दादाने जाहीर केलं. "टिकटिक, नोंदी वाच."

टिकटिकने वही उघडली. "दुसरा शनिवार, पाच बावीस. तिसरा, पाच एकवीस. काल, पाच तेवीस. आधीही ती पट्टी वाजते, पण पहिल्या वीस मिनिटांत झर्र कधीच नाही!"

"पियानोलासुद्धा वीस मिनिटांनी कंटाळा येत असेल," पोपट म्हणाला. "मला तर दहातच येतो!"

"गप रे! आधी पियानोचं पोट तपासलं पाहिजे," दादा म्हणाला.

"मी तपासलंय!" मुंगी एकदम ओरडली. तिघेही तिच्याकडे बघायला लागले. "म्हणजे... सूरकाका काम करत होते ना, तेव्हा वाकून बघितलं. आत काहीसुद्धा नाहीये."

"शाब्बास! मग पियानो संशयितांच्या यादीतून बाद," असं म्हणून दादाने रेघ मारली.

ती रेघ मुंगीला आपल्याच अंगावर ओढल्यासारखी वाटली. आधी एक गोष्ट लपवली होती, आता वर खोटं बोललीही! रोज सकाळी अंघोळ झाली की डोळे मिटून, हात जोडून आदल्या दिवसाचं सगळं देवाला सांगायची तिची लहानपणापासूनची सवय होती. पण गेले काही आठवडे शनिवारचं सांगायची वेळ आली की ती ते गाळून पुढे सरकायची. देवाला काय कळत नसणार? तिलाही ते कळत होतं. म्हणून तर हात जोडले की तळवे घामेजायचे.

पाचव्या शनिवारी दुपारी मात्र तिने अर्धवट जेवणाचं ताट बाजूला सारलं. ती उठली आणि एकटीच सभागृहात गेली.

मंचावर अंधुक उजेड होता. सूरकाका पियानोवर वाकून कान लावून बसले होते.

"काका..." मुंगी मंचाच्या कडेशी थांबली. "काका, ती झर्र माझ्यामुळे येते! पहिल्या शनिवारी मी झाकण उघडलं होतं. माझी पेन्सिल आत पडली. मी कोणालाच सांगितलं नाही. साहेब तुम्हाला बोलत होते, तेव्हाही नाही!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

सूरकाकांनी चष्मा वर सरकवला. मग पिशवीत हात घालून एक पत्र्याची डबी काढली. डबीत तीन बटणं, एक केसांचा आकडा, चष्म्याची एक काच आणि लाल पेन्सिल!

"हीच का गं?"

मुंगी थक्क झाली. "हीच! पण..."

"दुसऱ्या शनिवारी दुपारीच काढली मी. पियानो म्हणजे काय काय गिळत असतो! त्या झर्रशी हिचा काही संबंध नाही."

"म्हणजे मी उगाचच घाबरले?"

"उगाच कसं?" काका शांतपणे म्हणाले. "तू त्याच दिवशी बोलली असतीस, तर तुझा जीव तेव्हाच हलका झाला असता. मग आपण दोघांनी मिळून खरं कारण शोधलं असतं. मला आतलं काही सापडत नाही. बाहेरचं ऐकायला मैफलीत बसावं, तर साहेब मला आत थांबू देत नाहीत. तू मात्र दर वेळी तिथे होतीस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मुंगीला वाटलं.

"बाहेरचं म्हणजे?"

"एखादी तार जोरात थरथरली की खोलीतलं दुसरंच काहीतरी तिच्याबरोबर थरथरतं. खिडकीची सैल काच, चौकट, काहीही. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पियानोच बिघडला. आठव बरं, आवाज कुठून यायचा?"

मुंगीने डोळे मिटले. आजवर ती झर्र आली की तिला फक्त पियानोचं पोट आणि त्यातली पेन्सिल दिसायची. आता पहिल्यांदा तिने नुसता आवाज आठवला.

"वरून!" ती किंचाळली. "काका, वरून यायचा!"

दोघांनी वर पाहिलं. मंचावर दिव्यांची रांग होती आणि तिच्या टोकाला, पियानोशेजारी, भल्यामोठ्या पत्र्याच्या टोपाचा एक नवाकोरा दिवा.

"हा दुसऱ्या आठवड्यात लावला," काका पुटपुटले. "स्वागताच्या भाषणात साहेबांचा चेहरा नीट दिसत नव्हता म्हणून."

मुंगी धावत सुटली. तिघांना गाठून तिने सगळं सांगितलं. पेन्सिलीचं, आणि गच्चीवरच्या खोट्याचंसुद्धा. दादाचा चेहरा उतरला. "मी तुझ्या शब्दावर रेघ मारली होती, मुंगे," एवढंच तो म्हणाला. पण टिकटिक एकदम उडाली, "वीस मिनिटं! दिवा तापायला वीस मिनिटं लागत असतील! पत्रा तापला की सैल होत असेल! आणि दुपारी दिवे बंदच असतात!"

"दिव्यांची किल्ली साहेबांकडे," दादा म्हणाला. "विजेच्या बिलापायी दुपारी लावू देत नाहीत ते."

"माझ्यावर सोडा!" पोपट छाती फुगवून म्हणाला.

"पण आता खोटं नाही हं बोलायचं!" मुंगी कळवळून म्हणाली.

"खोटं कशाला? फोटो खरंच काढायचा!"

आणि पाचच मिनिटांत साहेब मंचावर, नव्या दिव्याखाली, हनुवटी वर करून उभे होते! दादाच्या हातात मावशीचा कॅमेरा.

"थोडं डावीकडे, साहेब... आता उजवीकडे... एक भाषण देतानाचा घेऊ या!"

"घ्या, घ्या! दारातल्या फलकावर लावा," साहेब खूश होते.

"अठरा मिनिटं," टिकटिक पुटपुटली. "एकोणीस..."

"किती फोटो रे?" साहेबांचा घाम निथळायला लागला.

"साहेब, पार्श्वसंगीत असलं की चेहरा खुलतो," पोपट म्हणाला. "काका, वाजवा!"

सूरकाकांनी सतरावी पट्टी दाबली.

झर्रर्रर्र!

साहेबांच्या डोक्यावर! ते टुणकन उडी मारून बाजूला झाले. दिवे बंद करून सभागृहाचा वायरमन शिडीवर चढला, तर टोपाचे दोन स्क्रू जागेवरच नव्हते आणि तिसरा अर्धा बाहेर आलेला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, साहेब, नीट बसवायला एक दिवस द्या," वायरमन वरून म्हणाला. "तुम्ही म्हणालात, हंगाम संपल्यावर बघू. आणखी दोन शनिवार गेले असते, तर हा टोप खाली आला असता."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. मग त्यांनी तो दिवा काढायला सांगितला.

त्या संध्याकाळी ते मंचावर आले ते जुन्या मंद दिव्यांतच. "तीन आठवडे मी एका निष्णात माणसाला विनाकारण बोललो," ते म्हणाले. "चूक माझी होती. ती या चार मुलांनी शोधली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोपटाने चारदा वाकून नमस्कार केला. मुंगीला मात्र त्या टाळ्या आपल्या वाटेनात.

मावशीने तिला जवळ ओढलं. "कळलं मला सगळं. शेवटी बोललीस, त्याचं कौतुक आहे. आणि झाकण उघडलंस, म्हणून उरलेले तीनही शनिवार त्याच्यावरची धूळ तूच पुसायची. सूरकाकांच्या देखत!"

"हो, मावशी," मुंगी म्हणाली. शिक्षा मिळाल्याचं तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

सूरकाका आज पहिल्यांदाच आत, पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली आणि मुंगीच्या हातात लाल पेन्सिल ठेवली. "कानामागे नको खोचूस. कान मोकळे ठेव."

पाच तेवीस झाले. सतरावी पट्टी वाजली. भरदार, स्वच्छ, अगदी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. चार मैफली झाल्या होत्या, पण मुंगीने आज पहिली ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तिने डोळे मिटले, हात जोडले, आणि पहिल्या शनिवारपासून सांगायला सुरुवात केली.