हत्तीत ठेवलेली पेटी

स्टेशनमास्तर कोंडीबा घाडगे शरणम्मांच्या दारात आले, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. चार वाजता त्यांच्या रेल्वेचा निकाल लागणार होता, आणि तिला वाचवू शकणारी पेटी सकाळपासून सापडत नव्हती.

रेल्वे छोटी, खासगी. सोलापुरातून निघून तलावाकाठच्या बंगल्यांपर्यंत जायची. लोक तिथे हवापालटाला जात. पण संचालकांना आता उतारूंच्या गाड्या बंद करून फक्त कापूस वाहायचा होता. तसे झाले तर कोंडीबांसह अकरा माणसे घरी बसणार होती.

"पेटीत काय होतं?" शरणम्मांनी विचारले. नवरा पोलिसात होता तेव्हापासून त्या लोकांच्या हरवल्या-चोरल्याचा छडा लावत आल्या होत्या.

काचेवरची चित्रे होती. मुंबईच्या एका जपानी कापूस-व्यापाऱ्याने ती मागवून दिली होती. त्याच्या देशात समुद्राच्या काठाने एक खासगी रेल्वे धावते, गरम झऱ्यांवर हवापालटाला येणाऱ्यांच्या जिवावर चालते. ती चित्रे दिव्याच्या उजेडाने भिंतीवर पाडून कोंडीबा संचालकांचे मन वळवणार होते.

"पेटीवर खूण?"

"हत्तीचं चित्र. सकाळी नव्या हमालाला मी म्हणालो, हत्तीची पेटी कोठीत ठेव. पार्सलच्या कोठीत पाहिलं, तर नाही. कुठं ठेवलीस विचारलं, तर म्हणतो, हत्तीत ठेवली! सगळे हसले. चनबसप्पा सावकारसुद्धा. हमाल हात करून काही दाखवत होता, पण मी त्याला गप्प बसवलं."

शरणम्मांनी चपला घातल्या. शेजारचे रावजी, मोहोळचे निवृत्त पोस्टमन, नेहमीप्रमाणे बरोबर निघाले.

स्टेशनच्या एकुलत्या एका फाटकात तानाबाई पेरू विकत बसली होती. "पेटी भाईर गेली न्हाय," ती म्हणाली. "माज्या पाटीला वलांडूनच जावं लागतंय की."

हमाल मल्लप्पा कानडी मुलखातून, इंडीकडून येऊन पाचच दिवस झाले होते. तो मान खाली घालून बसला होता. शरणम्मांनी त्याला फक्त पाणी दिले.

चनबसप्पा कापसाचे व्यापारी, आणि रेल्वेचे संचालकही. शरणम्मांनी त्यांच्याकडे कानडीत धंद्याची चौकशी केली. ते खुशीत बोलत राहिले, कमरेची किल्ली चाचपत. अकरा वाजता स्टेशनच्या आवारातले आपले गोदाम बंद केले, आता उद्याच उघडणार, असे ते शेवटी मराठीत कोंडीबांना म्हणाले.

"सावकारानंच लांबवली बगा पेटी," रावजी बाहेर येऊन कुजबुजले. "पर बाई, तीनदा हत्ती हत्ती म्हनाला. त्याच्याकडं हत्ती पन हायत व्हय?"

"गोदाम भरून," शरणम्मा म्हणाल्या.

चार वाजता संचालक जमले. शरणम्मा उभ्या राहिल्या.

"पेटी चोरीला गेलेली नाही. फाटकाबाहेरही गेलेली नाही. मल्लप्पानं ती कुठं ठेवली ते सकाळीच सांगितलं होतं. हत्तीत. कानडीत हत्ती म्हणजे कापूस. जनावराला आम्ही आने म्हणतो. हत्तीची पेटी कोठीत ठेव, हे ऐकून त्यानं ती कापसाच्या कोठीत, म्हणजे सावकारांच्या गोदामात नेली."

कोंडीबांनी कपाळाला हात लावला.

"सकाळी इतर हसले, ते त्यांना कानडी येत नाही म्हणून. चनबसप्पांच्या घरात मात्र कानडीच बोलतात. मघाशी कापसाबद्दल सांगताना ते तीनदा हत्ती म्हणाले, रावजींनी मोजलंय. मल्लप्पाचं बोलणं त्यांना कळलं होतं. तरी ते हसले आणि मग गोदामाला कुलूप लावलं."

"मी कशाला हात लावला नाही," चनबसप्पा म्हणाले.

"नाही लावला. नुसते गप्प बसलात. एवढंही पुरतं, सावकार."

चनबसप्पांनी किल्ली टेबलावर ठेवली. गोदाम उघडले; पेटी कापसाच्या गासड्यांच्या मागे होती, एकही काच तडकली नव्हती. कोंडीबांना मल्लप्पाची माफी मागायची होती. कोणत्या भाषेत मागावी ते सुचेना, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले.

खिडक्या लावून दिवा पेटवला. चुन्याच्या भिंतीवर समुद्र आला, त्याच्या कडेने छोटीशी गाडी आली. एका चित्रात एक म्हातारी गाडीच्या खिडकीतून लाटांकडे बघत होती. म्हाताऱ्या अध्यक्षांनी ते चित्र पुन्हा लावायला सांगितले, आणि बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर, रविवारची आपली पहिली गाडी किती वाजता?"

"साडेसात, साहेब."

"सहाची करा. उन्हाच्या आत माणसं तलावावर पोचली पाहिजेत."