पाणी जोखणारी पाणबुडी

सकाळी साडेसात वाजता तळ्यावर फलक लागला: ‘पाण्यावर खेळण्यातल्या बोटी चालवण्यास सक्त मनाई.’ फलकाखालीच, काठाला, मेलेले मासे पोटं वर करून तरंगत होते.

फलक ठोकला तळ्याच्या व्यवस्थापकांनी. मासे कशाने मेले, असं फिरायला आलेल्या मंडळींनी विचारताच त्यांनी तिघा मुलांकडे बोट दाखवलं. यांच्या पाणबुडीचा रंग, बॅटरी, आत भरलेलं शिसं. वेगळा पुरावा कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं. मंडळींनी मुलांकडे असं पाहिलं, की तिघांची घरी जायची वाट एकदम लांबली.

तिघांत मोठी मोजपट्टी. सगळं मोजल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे, म्हणून हे नाव. दुसरा तिचा मावसभाऊ चिमटा, ज्याच्या हातून बारीकसा स्क्रूही कधी निसटत नसे. तिसरी शेजारची बोंब. तिला हळू बोलता येत नसे.

“आधी मला हे सांगा, खेळण्यातली कशी?” मोजपट्टी वाटेत धुमसत म्हणाली. “खऱ्या पाणबुडीच्या चाळिसाव्या हिश्श्याची आहे ती. डेकवरची भोकंसुद्धा नकाशाबरहुकूम आहेत.”

“आपल्याला मासेमारे म्हणाले, आणि तुला राग कशाचा येतोय बघ,” बोंब म्हणाली. अर्धी गल्ली वळून पाहू लागली.

चिमट्याचा कालपासून मोजपट्टीशी अबोला होता. पाणबुडीच्या पोटात एक टाकी होती. रिमोटची कळ दाबली की ती पाण्याने भरे आणि बोट बुडे. पंप उलटा फिरवला की बोट वर येई. शिशाचे तुकडे लावून वजन असं तोललं होतं, की टाकी भरल्यावर पेरिस्कोपचं टोक तेवढं बाहेर राहावं. काल मात्र टाकी भरूनही पाठीवरचा अख्खा मनोरा बाहेर राहिला. मोजपट्टीने तिथल्या तिथे निकाल दिला: चिमट्याने शिसं काढलं. त्याने शपथ घेतली, तरी तिने ऐकलं नाही.

आता बोंबेने दोघांना दंडाला धरून चिमट्याच्या अंगणातल्या धुण्याच्या हौदापाशी नेलं. टाकी भरली. बोट अलगद खाली गेली आणि पेरिस्कोपचं टोक तेवढं उरलं. काल तळ्यात हवी होती, तशी.

“बोट तीच, शिसं तेच,” चिमटा भिंतीकडे बघत म्हणाला. “म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.”

मोजपट्टी त्याच्याकडे पाहतच राहिली. मग स्वयंपाकघरात धावली, मिठाची पिशवी घेऊन आली आणि ती हौदात रिकामी केली. चिमट्याने वल्ह्यासारखी काठी फिरवली. हळूहळू मनोरा वर आला, काल तळ्यात होता तसा.

मावशी दारात उभी होती. मिठाबद्दल ती काय म्हणाली, ते इथे देण्यासारखं नाही.

दुपारी तिघं तळ्यावर गेली. खारट पाण्यातही बुडावी म्हणून बोटीत शिशाचे दोन जादा तुकडे होते. तळ्याच्या एका अंगाला बर्फाच्या कारखान्याची भिंत होती. लाद्या गोठवायला तिथे मिठाचं पाणी वापरतात, हे शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच पाहिलं होतं.

व्यवस्थापक लगबगीने आले. फलक वाचता येत नाही का, असं त्यांनी विचारलं.

“वाचला,” मोजपट्टी म्हणाली. “त्यावर ‘पाण्यावर’ लिहिलंय. आमची पाण्याखाली जाते.”

बाकावरचे आजोबा हसले. बाकीची मंडळी गोळा झाली.

चिमट्याने अबोला मोडला तो इथे. “दाट मिठाच्या पाण्यात रिमोटचा संदेश पोचत नाही,” तो हळूच म्हणाला. “आत शिरली तर गेली.”

“गेली तर गेली. मासेमारे म्हणवून घ्यायचं नाही.”

तिने कळ दाबली. पाणबुडी भिंतीच्या कडेकडेने खाली गेली. जादा शिशाने तिने तळ गाठायला हवा होता. पण कमरेइतक्या खोलीवर ती थबकली. मोटर बंद, खाली नुसतं पाणी, आणि बोट अदृश्य फळीवर ठेवल्यासारखी स्वस्थ. आजोबांनी आपली काठी तिच्या शेजारून पार खाली घातली. काठी संपली, तळ आला नाही.

“पाण्यावर पाणी आहे,” बोंब म्हणाली. पलीकडच्या काठालाही ऐकू गेलं. “खालचं जड. जास्त मिठाचं.”

चिमट्याने काठीला बांधलेली बाटली खाली सोडली आणि दोरीने तिचं बूच ओढलं. वर आलेलं पाणी नितळ होतं. शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर त्यातलं पळीभर आटवलं. पळीत पांढरी खरपुडी उरली.

व्यवस्थापकांचा आवाज उतरला. कारखान्याने भिंतीतल्या जुन्या नळीतून टाक्या धुतल्याचं पाणी तळ्यात सोडायला विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं होतं. पाणी तर स्वच्छ दिसत होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले.

“दिसत होतं,” मोजपट्टी म्हणाली. “जोखलं नव्हतं.”

आजोबांनी पोरांची पाठ थोपटली. गर्दी पाहून आलेली मावशी फक्त म्हणाली, “चिमट्याची माफी मागितलीस का?”

मोजपट्टीने रिमोट चिमट्याच्या हातात दिला. आजवर तिने तो कुणालाच दिला नव्हता.

संध्याकाळपर्यंतची माहिती अशी: नळीच्या तोंडाला लाकडी खुंटा ठोकला आहे. बाटली तपासणीला गेली असून अहवाल यायचा आहे. कारखान्याचा मालक बोलायला तयार नाही. फलक अजून काढलेला नाही.

आणि चिमटा चालवतोय ती पाणबुडी पाण्याखाली आहे.