तीन भट्ट्यांचा प्रश्न

“आत्या, मले चोर ठरवलं त्यायनं.”

फोनवर साक्षी होती. एएसआय ललिता रामटेके दुर्ग शहरातल्या आपल्या ठाण्यात एका स्कूटरचोराचा जबाब घेत होती. तिने हात वर करून चोराला थांबवलं.

“कोणी, व?”

“परीक्षावाल्यांनी. मेल आला. सर्टिफिकेट रद्द. आता जन्मभर त्यांची कोणतीच परीक्षा देता येणार नाही म्हणे. आत्या, मी काहीच नाही केलं.”

ती रडत नव्हती. ललिताला तेच जास्त लागलं. नोकरीत तिने खोटं रडणारे ढीगभर पाहिले होते. खरा माणूस आधी गोठतो.

“घरीच थांब. मी येऊन राहिली.”

भिलाईच्या सेक्टर सहामधलं स्टील प्लांटचं क्वार्टर. समोरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब, खाली लोखंडी टेबल, टेबलाशी साक्षी. ललिताचा थोरला भाऊ चंपत गजभिये कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसला, लोखंड वितळवायच्या भट्टीवर कामाला. डाव्या कानाने लहानपणापासून कमी ऐकू यायचं, म्हणून मोबाईलची वायर कायम उजव्या कानात.

“काय ऐकून राहिले दादा? घरात आग लागली न तुम्ही गाणे ऐकता?”

“गाणं नाही,” चंपतने वायर काढून खिशात कोंबली. “असंच.”

ललिताने मेल वाचून घेतला. क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरचे सर्व्हर सांभाळायच्या परीक्षेत प्रत्येकाचा पेपर वेगळा असतो. साक्षीला आलेले प्रश्न, आले त्याच क्रमाने, इंटरनेटवर विकले जात होते. असा क्रम जगात दुसऱ्या कोणाला आलेला नव्हता. म्हणजे फोडला तो साक्षीनेच. अपिलाला आठवडा. आणि नागपूरच्या कंपनीत साक्षीची नोकरी ठरली होती ती या सर्टिफिकेटवर. सर्टिफिकेट नाही तर नोकरी नाही.

इथे एक गोष्ट तोंडावर सांगायला हवी. या परीक्षा पास होणारे सगळे अभ्यास करतात असं कोणी समजू नये. बाजारात ‘डंप’ मिळतात. परीक्षा देऊन आलेल्यांनी बाहेर आणलेले प्रश्न, सोबत उत्तरं. पाठ करा, तिथे ओका, सर्टिफिकेट गळ्यात घाला. सर्व्हर कशाशी खातात हे ठाऊक नसलेले लोक आज मोठाल्या पगारावर सर्व्हर सांभाळतात. साक्षीने डंपला हात लावला नव्हता. दीड वर्ष फुकटच्या अकाउंटवर स्वतः सर्व्हर उभे केले, पाडले, पुन्हा उभे केले. क्लासमधले तिला ‘सत्यवती’ म्हणून चिडवायचे.

“आता सरळ उत्तरं दे,” ललिता म्हणाली. “रायपूरच्या सेंटरमध्ये मोबाईल कुठे होता?”

“लॉकरमध्ये. घड्याळसुद्धा काढून घेतलं. खिसे उलटे करून पाह्यले.”

“लिहायले काय दिलं?”

“पुसायची पाटी. जाताना परत घेतली.”

“म्हणजे प्रश्न बाहेर आले ते फक्त तुझ्या डोक्यातून. कोणाले सांगितले?”

“कोणालेच नाही.”

“कोणी विचारलं?”

“क्लासच्या सुमंत सरांनी. परीक्षेच्या आधीच म्हणे, तुझी मेमरी चांगली आहे, आलेल्या प्रश्नांचा सेट आणून दे, फी परत करतो. मी नाही म्हटलं.”

चंपत कोपऱ्यातून उसळला. “माझी पोरगी असं करन? अव ललिता, पोरीनं जीव ओतला न! त्या तिसऱ्या प्रश्नात अटकली तेवढीच. बाकी सगळा पेपर घासून पुसून लख्ख!”

“दादा, बीपी वाढवू नका. पाणी प्या.” ललिता उठली. “तुझ्यासंग रायपूरले कोण गेलतं?”

“पायल.”

सुमंत सरांचा क्लास नेहरू नगरमध्ये, हायवेला लागून. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो. साक्षीचा फोटो उतरवलेला होता. खिळा तसाच होता.

“साक्षीचा पेपर तुमच्याकडे आहे?”

“मॅडम, आमच्याकडे स्टडी मटेरियल असतं.” सुमंत सरांचं मराठी रायपूरच्या जुन्या घरातलं, धुतलेलं. “बाजारात मिळतं, आम्ही घेतो.”

“कोणाकडून?”

“नेटवर नाव कोण लावतं? चहा घेणार?”

“साक्षीला सेट मागितला होता तुम्ही.”

“मागितला. तिने दिला नाही. मागणं गुन्हा आहे का?”

ललिताला चीड आली ती या माणसाच्या शांतपणाची. त्याला ठाऊक होतं की तिच्या हातात काही नाही. तिलाही ठाऊक होतं.

पायल खाली जिन्याशी भेटली. वर्गातली हुशार, बोलघेवडी, अर्धी हिंदीत अर्धी मराठीत.

“बसमध्ये साक्षीनं तुले काय सांगितलं?”

“कुछ नहीं आंटी! मीच विचारून विचारून थकली. बोली, अभी बात मत कर, भूल जाऊंगी. पूरा रास्ता आंखें बंद. ओठ हलत होते बस.”

“परीक्षा झाल्यावर?”

“हाँ ना! मैं बोली, पागल है क्या, अब क्या भूलना है?”

ललिताने ते मनात टिपलं. “सरांचा नवा सेट तू पाह्यला?”

“सबने देखा.” पायल हसली. “उसमें एक मस्त सवाल है. तीन ब्लास्ट फर्नेस आहेत, एक बंद पडली, तर हॉट मेटल कुठे वळवाल? क्लाउड की परीक्षा में भट्टी! आम्हाला वाटलं सर भिलाईवाला जोक मारून राहिले. पर सर को खुद पता नहीं था. टाइप करनेवाले लड़के पे चिल्लाए, बोले, जो सुना वही टाइप कर दिया गधे ने.”

“जो सुना?”

“हाँ. सुना.”

ललिता स्कूटरवर बसली, पण किल्ली फिरवली नाही. परीक्षा संपल्यावर पेपर विसरण्याची भीती कोणाला असते? ज्याला तो अजून कोणाला तरी द्यायचा आहे त्याला. आणि भट्टीच्या भाषेत क्लाउड कोणाला समजवावं लागतं? उत्तर तिला कळलं होतं. ते कळू नये असं तिला फार वाटलं. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर एव्हाना ती आत शिरली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सुमंत सरांना क्वार्टरवर बोलावलं. ते आले, कारण पोलिसांनी बोलावलं होतं. चंपतने उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

“बसा सर, बसा. तुम्हीच काढाल पोरीले यातून.”

ललिताने दार लोटलं. “साक्षी, तू पहिलीत होती तेव्हापासून पेपर देऊन घरी आली की काय करते?”

साक्षीला प्रश्न समजायला वेळ लागला. “बाबासमोर बसते. या टेबलाशी.”

“अन्?”

“एकेक प्रश्न सांगते. काय आलं, मी काय लिहिलं.” तिचा आवाज बसत गेला. “आत्या, ते... ते सांगणं होते का? बाबाले सांगतलं म्हणजे कोणाले सांगतलं का?”

“मी ‘कोणाले सांगितलं’ विचारलं, तू ‘कोणालेच नाही’ म्हणाली. खोटं नाही बोलली तू. बाप ‘कोणी’मध्ये येतच नाही आपल्या घरी. म्हणून बसमध्ये ओठ हलवत आली. पेपर बाबापर्यंत सांडू नये म्हणून.”

ललिता भावाकडे वळली.

“दादा, काल तुम्ही म्हणाले, तिसऱ्या प्रश्नात अटकली. कॉम्प्युटरवर दिलेला पेपर, कागद नाही, पाटी नाही. तिसरा प्रश्न तुमाले कसा ठाऊक? तुम्ही ऐकला होता. तीन सर्व्हरपैकी एक बंद पडला, तर लोड कुठे जाईल? तुमाले समजत नव्हतं. तवा हिनं सांगितलं, बाबा, तीन भट्ट्या समजा. सर, हाच प्रश्न तुमच्या सेटमध्ये भट्ट्यांसकट आला. टायपिंगवाल्या पोराने ऐकलं ते टाइप केलं. म्हणजे तुमच्याकडे कागद नव्हता. आवाज होता.”

चंपतचा हात आपसूक खिशावर गेला.

“काढा दादा. काल कानात काय होतं?”

त्याने मोबाईल टेबलावर ठेवला. ललिताने बटण दाबलं. साक्षीचाच आवाज, धावता, खूश: *पहिला प्रश्न, बाबा...*

“एका कानानं सगळं पकडता येत नाही व,” चंपत म्हणाला. “म्हून भरून ठेवतो. दहावीपासूनचे सगळे आहेत. ड्युटीवर जाता जाता ऐकतो. पोरीचा आवाज असतो.”

“सरांना कावून पाठवलं?”

“विहारात आले होते न हे. म्हणे, दादा, समाजाच्या पोट्ट्यांसाठी फुकट क्लास काढतो, साक्षीसारखे आणखी दहा तयार करू. मले वाटलं...” त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. “बाबासाहेबांनी सांगितलं न, समाजाले परत द्या. माझ्यापाशी द्यायले दुसरं काय होतं? हेच होतं.”

साक्षी बापाकडे पाहत होती. रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“फुकट क्लास कधी सुरू होणार, सर?” ललिताने विचारलं.

“प्लॅनिंगमध्ये आहे.” सुमंत सरांनी रुमालाने मान पुसली. “मॅडम, चोरी कसली? दादांनी स्वतः पाठवलं. मेसेज आहे माझ्याकडे, ‘जय भीम सर, पोरांना द्या’. मी पोरांना दिलं. तुम्ही कोणतं कलम लावणार?”

ललिताने कालपासून तेच शोधलं होतं. तक्रार करायची ती परीक्षा कंपनीने. कंपनी साता समुद्रापार. कंपनीला तिचा चोर सापडला होता, टेबलाशी बसलेली साक्षी.

“मदत करायची माझी तयारी आहे,” सर साक्षीकडे वळून म्हणाले. “अपिलात लिही, मोबाईल हॅक झाला. कोणी तरी घरात चोरून रेकॉर्ड केलं. मी मजकूर देतो. दोन पोरांची अशीच सुटका झाली आहे.”

“लिही न माय,” चंपत हात जोडून मुलीसमोर उभा राहिला. “माझ्यासाठी लिही. मी म्हणतो न.”

“बाबा,” साक्षी म्हणाली, “चौथीत मले गणितात चौदा पडले होते. मी चाळीस सांगितले. तुम्ही मारलं नाही. म्हणाले, या टेबलाशी खोटं बोलायचं असन तर बसूच नको. आठवते?”

चंपतचे जोडलेले हात सुटले.

“निघा सर,” ललिता म्हणाली.

तो गेला. जाताना चप्पल घालायला दारात आरामात वाकला. ललिताच्या अंगावर वर्दी होती आणि ती नुसती बघत उभी होती.

साक्षीने अपील लिहिलं. होय, मी वडिलांना प्रश्न सांगितले. ते नियमात बसत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. वडिलांनी ज्यांना दिले त्यांनी विकले. क्लासचं नाव, पत्ता, सगळं लिहिलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. प्रश्न उघड केल्याचं मान्य केल्याबद्दल आभार. निर्णय कायम आहे. क्लासबद्दल एक अक्षर नव्हतं.

नागपूरच्या कंपनीने साक्षीच्या जागी पियूषला घेतलं. पियूष सुमंत सरांच्या क्लासचा. नव्या सेटवर अभ्यास करून पास झालेला. भट्टीच्या प्रश्नासकट सगळं पाठ. भिंतीवरच्या त्या खिळ्याला आता त्याचा फोटो आहे.

मार्चमध्ये साक्षीने रेल्वेची परीक्षा दिली. ललिता त्या दिवशी मुद्दाम भावाकडे आली होती. साक्षी दारात आली, चपला काढल्या. चंपत टेबलाशी बसला होता, सवयीने आधीच. समोरची खुर्ची त्याने ओढून ठेवली होती. मग त्याच्या लक्षात आलं, आता विचारायचं नाही.

 

साक्षी दोन क्षण खुर्चीपाशी उभी राहिली. मग आत जाऊन तिने दोघांसाठी पाणी आणलं. एक ग्लास बापाच्या उजव्या हाताशी ठेवला आणि दुसरा उभ्यानेच पिऊन टाकला.

“दादा, काहीतरी बोला,” ललिता म्हणाली.

पण ती त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला बसली होती.